ओसाकाचं पत्र आणि गंजगोलाईतली लिफ्ट

मन्मथअप्पांचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गॅलरीत उन्हाला बसलो होतो. अप्पा म्हणजे लातूरचे लेथवाले मिस्त्री.

"भावसाहेब, आपली जपानी सोमवारी काढायलेत. बघायची असंल तर या."

जपानी म्हणजे लिफ्ट. गंजगोलाईजवळच्या ज्या चार मजली कापड दुकानात माझी सगळी नोकरी झाली, तिथली. जायचं लगेच ठरलं. कवितांच्या वहीतलं एक जुनं पत्र सोबत न्यायचं की नाही, हे ठरायला मात्र रात्र गेली. शेवटी पिशवीत टाकलं. अप्पांना एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, आणि लिफ्ट गेल्यावर ती सांगण्यात काही अर्थ उरला नसता.

नांदेडहून लातूरला एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन-चार तास धरा. सकाळी उजवीकडची खिडकी पकडावी, ऊन लागत नाही. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं दाखवायचं. कंडक्टर म्हणाला, "काका, तुमच्याकडं बघून कळायलंच की. तरी पण काढा." अहमदपूरला मिरचीभजी आणि चहा तीस-चाळीस रुपयांत होतो. पुढं दोन्ही अंगाला घाट्यांनी भरलेला हरभरा. शाळेत पाठ केलेल्या ओळी बसच्या हेलकाव्यांवर आपोआप ओठांवर येत होत्या. शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले.

ही लिफ्ट लातूरला आली कशी, ते सांगतो. मुंबईत एक जुनं हॉटेल पाडलं, तेव्हा आमच्या मालकांनी ती उतरवून ट्रकनं आणली. पाटीवर नाव होतं हिनोसावा, ओसाका. जोडायची कशी, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी इंग्रजीत पत्र टाकलं आणि महिन्यानं नकाशांची जाडजूड गुंडाळी आली. त्यावरून अप्पांनी लिफ्ट उभी केली, मी तसं ओसाकाला कळवलं आणि मग पत्रं सुरूच राहिली. त्यातून कळलं, की तीन भावांनी तांदळाच्या गोदामात पोती चढवायचे रहाट बनवत ही कंपनी काढली. पुढं दवाखान्यांच्या लिफ्ट, मग मोठमोठ्या दुकानांच्या. किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. आधी माणसांची विचारपूस, मग लिफ्टच्या दोराची.

आणि एक दिवस निरोपाचं पत्र आलं. जपानी माणूस व्यवहाराचं पत्रही ऋतूपासून सुरू करतो. "यंदा आमच्या कारखान्यामागची प्लमची झाडं उशिरा फुलली. फुलं पाहायला आता आम्ही थोडेच जण उरलो आहोत." मोठ्या कारखान्यांपुढं टिकाव लागला नाही, कंपनी मिटवतो आहोत, असं पुढं होतं. मला भरून आलं. पत्र घरी नेलं, सुमनला, म्हणजे पत्नीला, तिथपर्यंतच वाचून दाखवलं आणि वहीत ठेवलं. मालकांना तोंडी सांगितलं, कंपनी बंद झाली.

दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. त्यावर सुट्या भागांची यादी होती आणि मागवायची शेवटची तारीख. ते वाचलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. मी गप्प बसलो. तेव्हापासून प्रत्येक भाग अप्पा आपल्या लेथवर घडवत आले आणि लिफ्ट अडली की मालकांची बोलणी खात आले.

लातूरला उतरून आधी निलंगा राईस, म्हणजे इकडचा मसालेभात, खाल्ला. गरम, तिखट आणि स्वस्त. गंजगोलाईत सोळा रस्ते फुटतात, तेव्हा नवख्यानं दुकानाच्या पाट्या बघत चालावं. अप्पा दारातच उभे होते. केस पांढरे, हात तसेच काळे.

"वाळलाव की भावसाहेब. वैनी जेवाय घालत न्हाईत का?"

जाळीचं दार ओढून आम्ही वर निघालो. तोच तेलाचा वास, तीच संथ गुरगुर. दुसरा मजला गेला आणि मी सगळं सांगून टाकलं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत आल्यावर अप्पा म्हणाले, "यादी वाचा."

मी वाचू लागलो. ब्रेकचे गुटके.

"केले. चारदा केले."

दाराचे रोलर.

"ते बी केले. पहिले वाकले, दुसरे हायेत."

अठरा भाग होते. प्रत्येकाला ते मशीनवर बोट लावत गेले. विजेच्या एका रिलेपाशी थांबले. "हा न्हाई जमला. ह्याच्यापायी मालकानं मला गिऱ्हाइकासमोर अडाणी म्हणलं होतं. तुम्ही खाली काउंटरलाच होताव."

"होतो."

"मग?"

मी यादीची घडी घातली. मग त्यांनी हात पुढं केला. "यादी मला द्या. फुलाचं पान तुमचं तुम्ही ठेवा."

चहा त्यांनीच पाजला. स्टँडवर सोडायला मात्र आले नाहीत.

घरी आलो, सुमननं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, ते पान पुन्हा वाच. कंपनी मिटल्याच्या ओळीपर्यंत येऊन मी नेहमी थांबत असे. आज खालपर्यंत गेलो. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "आपल्या मिस्त्रींना आमचा नमस्कार कळवावा. न पाहिलेलं यंत्र नुसत्या नकाशावरून उभं करणारा माणूस आमच्याकडेही विरळा."

इतकी वर्षं ते पान मी जपलं, आणि त्यातलं जे दुसऱ्याचं होतं, तेही माझ्यापाशीच अडकून पडलं होतं. फोन लावला. ओळ मराठी करून दोनदा वाचली.

"कवाचा म्हणलाव हा नमस्कार?" अप्पांनी विचारलं.

"लई वर्षांचा, अप्पा. माझ्यामुळं राहिला."

पलीकडं लेथ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"पोचला म्हणा," ते म्हणाले.