सासऱ्यांच्या मुठीतली माती

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि नोकरी मिळाली तीही संशयाचीच. एका कॉलेजच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत मी मदतनीस आहे. हात स्पिरिटनं पुसायचे, तोंडाला मास्क लावायचा, आणि रोपांच्या बाटलीत पांढरा धागा दिसला की बुरशी आली म्हणून बाटली बाद करायची. दहा वर्षं हेच केल्यावर घरच्या दह्यावरही माझा भरवसा राहिला नाही.

त्या पावसाळ्यात सरांनी अमरकंदाची वीस रोपं माझ्या ताब्यात दिली. अमरकंद म्हणजे जमिनीत वाढणारं ऑर्किड, खाली बटाट्याएवढा कंद, वर लांब पानं आणि फुलांचा दांडा. जुन्नरच्या पश्चिमेला आमच्या गावामागं जो डोंगर आहे, तिथं तो एकेकाळी रग्गड असायचा. आता तिथलं शेवटचं झाड सापडलं होतं. त्याच्या शेंगेतल्या धुळीएवढ्या बियांपासून ही रोपं बाटलीत वाढवली होती.

"तुमच्याकडची हवा यांना मानवेल. जगली तर डोंगरावर परत लावू," सर म्हणाले. मेली तर दुसरं बी नव्हतं.

आणि तो डोंगर रिकामा केला होता माझ्या सासऱ्यांनी. उभी हयात त्यांनी औषधासाठी कंद खणून व्यापाऱ्याला दिले. खणणाऱ्यांचा एक रिवाज होता म्हणे. कंद काढला की डोळा असलेला तुकडा त्याच खड्ड्यात परत पुरायचा. व्यापारी पोती घेऊन यायला लागला तसा रिवाज मागं पडला. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, हिरडा निवडता निवडता, मान वर न करता. अशा माणसाच्या घरात ही रोपं आणायची म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

मी रोपं धुतली, उकळून गार केलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, वीस कपांत लावली, पडवीत ओळीनं मांडली. सासरे लांबूनच बघायचे. कामावर जाताना मी कप मोजायचे, आल्यावर पुन्हा मोजायचे.

आठव्या दिवशी सतराच भरले.

"मामा, तीन कप कुठं गेले?"

"मला काय ठावं?" ते विडी पेटवत म्हणाले.

"ओझरच्या गणपतीची शपथ घ्या बरं."

ते उठून गोठ्याकडं गेले. शपथ घेतली नाही! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. नवरा म्हणाला, उंदरानं नेले असतील. आमच्याकडचे उंदीर कपासकट रोपं नेतात हे मला नवीन होतं.

चार दिवसांनी पाहते तर उरलेल्या सगळ्या कपांत काळी माती घातलेली. कुजका पाला, आणि त्यात पांढरे धागे. बुरशी! माझं टाळकंच फिरलं. तीन विकले आणि उरलेले मारायला निघाला हा म्हातारा, म्हणजे पुरावाच नको. मी सतराही रोपं उपटली, मुळं नळाखाली घासून धुतली, औषधात बुडवली आणि नव्या कोकोपीटमध्ये लावली. त्यानंतर आठवडाभर सासऱ्यांशी बोलले नाही. भाकरीचं ताट पुढं सरकवायचे, एवढंच.

रोपं एकेक करून पिवळी पडली. गणपती उठले तोवर सतरातलं एकही उरलं नव्हतं. मी पडवीत बसून रडले आणि सरांना फोन लावला. मातीचं सगळं सांगितलं. सर म्हणाले, "अहो, तीच बुरशी त्यांना जगवते. मुळांना अन्न पोचवते ती. डोंगरावरची मूठभर माती घाला, हे तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."

फोन ठेवला तेव्हा सासरे दारात उभे होते. ते आत गेले आणि कणगीमागून तीन कप घेऊन आले. प्रत्येकात हिरवीगार, वीतभर पानं, आणि वरपर्यंत तीच काळी माती.

"डोंगराची माती ह्येंच्यात आदी घालून बगितली. जगली, मग बाकीच्यांत घातली."

"मी धुतली तेव्हा तुम्ही घरातच होता ना?"

"व्हतो की. बगत व्हतो."

"मग बोलला का नाही?"

"तू माझं ऐकलं असतंस व्हय?"

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी तिन्ही कपांतली पानं मोजून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डोंगरावर गेलो. हिरड्याच्या झाडाखाली ते थांबले आणि कुदळ माझ्यापुढं धरली.

"तूच खण. माझ्या हातात कुदळ बगून तुला चैन पडायचं नाय."

मी कुदळ घेतली नाही. "तुम्हीच खणा, मामा," म्हटलं.

ते खाली बसले. पाला बाजूला सारला, कुदळ आडवी धरून माती सैल केली आणि बोटांनी खड्डा मोकळा केला. कंद काढताना ते असंच करत असणार. मग त्यांनी तिन्ही रोपं एकेक करून आत ठेवली आणि तळव्यानं माती दाबली.

"परत ठिवायचं राहिलं व्हतं," ते म्हणाले.