पाळणाघराचा जमाखर्च

आमच्या कॉलनीचं पाळणाघर वर्गणीवर चालतं. वार्षिक सभेत खजिनदार सुलभाताई जमाखर्च वाचतात, तेव्हा आमच्या नजरा दाराशी ठेवलेल्या बटाटेवड्यांच्या पातेल्यावर असतात. त्या श्वास घ्यायला थांबल्या की आम्ही हात वर करून म्हणतो, "मंजूर, मंजूर!" याला आम्ही विश्वास म्हणतो. फार सोयीचा शब्द आहे. तो एकदा उच्चारला की ऐकायची गरज उरत नाही. आरतीत टाळ्या वाजवाव्यात, तसं आमचं ते मंजूर.

परवा वाचता वाचता सुलभाताईंनी मान वर केली. आमच्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, "यंदा शिल्लक काहीच नाही. वर्गणीही कुणी वाढवत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून पाळणाघर बंद करावं, असा ठराव मी मांडते."

"मंजूर, मंजूर!" आम्ही म्हणालो. मी तर जरा मोठ्यानंच.

सुलभाताईंनी कागदाची घडी घातली. मागच्या खुर्चीत मूल मांडीवर घेऊन बसलेली एक बाई तेवढी आमच्या वर गेलेल्या हातांकडे बघत राहिली. पुढच्या महिन्यातही तिला रोज कामावर जायचं होतं. माझा हात हळूहळू खाली आला, आणि कुणीतरी त्यात गरम वडा ठेवला.