फेलसाहेबांचं बोट

बोलता बोलता ते मध्येच उजव्या हाताचं एक बोट वर करत आणि समोरचा माणूस आपोआप गप्प होई. त्यांना काहीतरी ऐकू आलेलं असे. लांबच्या विहिरीवरचं मोटेचं चाक, कुणाच्या घरचं जातं, कधी नुसत्या वहाणांची कुरकुर. ऐकून झालं की बोट खाली येई आणि अर्धवट राहिलेलं वाक्य ते होतं तिथूनच उचलत. मी राजुरीच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा जवळजवळ वर्षभर ते माझ्या खोलीत राहिले. ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून बोलता बोलता थांबायची सवय मला लागली आहे. ऐकू मात्र काही येत नाही.

ते मूळचे वऱ्हाडातले. एका विद्यापीठाने त्यांना वर्षभरासाठी पाहुणे संशोधक म्हणून बोलावलं होतं. संस्कृती आणि यंत्रविद्या असा विषय. त्या नेमणुकीला फेलोशिप म्हणत. आमच्या जुन्नर-आंबेगावात तेव्हा इंजिनं येत होती आणि विहिरींवरच्या मोटा उतरत होत्या. मोट उतरली की तिच्यावरच्या गाण्याचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. वर्षअखेर केलेलं काम दाखवायचं. पटलं तर मुदत वाढणार. कॉलेजातली कायमची नोकरी सोडून ते आले होते. मुदत वाढली नाही तर परत जायला जागा नव्हती.

पहिल्याच दिवशी चावडीवर त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं. मी विद्यापीठाचा फेलो आहे, म्हणाले. समोर धोंडीआबा बसले होते. पंचक्रोशीत मोटेवर गावं तर आबांनीच, असा त्यांचा लौकिक.

"म्हंजी फेल झालायसा," आबा म्हणाले, "आन् शिक्षा म्हणून आमच्याकडं धाडलंय व्हय?"

चावडी हसली. तेही हसले. "अजून झालो नाही, आबा. पास-नापास तुमच्या गळ्यावर आहे."

त्या दिवसापासून ते माघारी फेलसाहेब आणि तोंडावर पावणं. दोन्ही नावं त्यांनी मुकाट्याने घेतली. पावणा तर आहेच, ते मला म्हणाले, तसं नेमणुकीच्या कागदावरसुद्धा लिहिलंय.

त्यांच्याबरोबर विद्यापीठाचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. ते पेटीसारखं होतं आणि चांगलंच जड होतं. नारायणगावाहून बैलगाडीत आणताना त्यांनी आपली घोंगडी त्याला पांघरली आणि स्वतः थंडीत कुडकुडत बसले. राजुरीत वीज नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते यंत्र माझ्या खोलीच्या कोपऱ्यात महिनोन्महिने घोंगडी पांघरून बसून राहिलं. सकाळी ते तिच्यावरची धूळ झटकत. चालू करता न येणाऱ्या वस्तूची एवढी निगा राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंत्राचं पुढे बघू, आधी निदान शब्द तरी उतरून घेऊ, म्हणून त्यांनी आबांना शाळेच्या ओट्यावर बसवून गायला सांगितलं. आबांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली, पुन्हा खाकरला. मग ओशाळून म्हणाले, "पाय चालल्याबिगार त्वांड चालत न्हाई, पावणं."

मग फेलसाहेब रोज विहिरीवर जाऊन बसू लागले. बैल विहिरीपुढचा उतार, म्हणजे धाव, उतरू लागले की आबा ओळ धरत. मोट वर येऊन पाणी थारोळ्याच्या कुंडात पडेपर्यंत शेवटचा सूर लांबवत. मग बैल पावलापावलाने मागे सरत धाव चढत, आणि तेवढा वेळ आबा गप्प. चाकाची करकर तेवढी. फेलसाहेबांचं बोट नेमकं तेव्हा वर जाई. मी एकदा विचारलं, गाणं तर थांबलंय, मग ऐकता काय? ते म्हणाले, "हेच तर गाणं आहे. ओळी कुठेही मिळतील."

वर्ष संपत आलं तेव्हा आबांनीच सांगितलं की त्यांच्या विहिरीवर इंजिन बसणार. बसवणार होते जुन्नरचे उस्मानभाई मिस्त्री. त्यांचा आणि फेलसाहेबांचा स्नेह होता. एक इंजिनं बसवत फिरे, दुसरा मोटेची गाणी गोळा करत, आणि दोघं एकाच ताटलीतले शेंगदाणे खात. फेलसाहेबांची अडचण ऐकून उस्मानभाई म्हणाले, "साहेब, नारायणगावात तंबूतला सिनेमा आलाय. त्याचं वीज करायचं इंजिन एक दिवस मागून आणतो. मालक दोस्तातला आहे."

मोटेच्या शेवटच्या दिवशी ते इंजिन विहिरीवर आलं. तार पुरेल तितकं लांब नेऊन उस्मानभाईंनी ते कडब्याच्या गंजीआड ठेवलं. तरी त्याचा ठोका यायचाच. बैल बिचकले, आबांनी त्यांना चुचकारलं, यंत्राची चाकं फिरू लागली आणि आबा गायले.

मग पेटीतून आबांचा आवाज आला. सगळा गाव हरखला. आबांची कारभारीण पदर तोंडाला लावून हसत होती. आबा म्हणाले, "लई झ्याक!" फेलसाहेब मात्र पेटीसमोर उकिडवे बसले होते. त्यांचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. मलाही मग कळलं. आबांनी नकळत इंजिनाचा ठोका धरला होता. नेहमीपेक्षा भरभर गायले होते. बैल मागे सरताना ते गप्प राहिलेच नव्हते. इंजिन थांबत नव्हतं, म्हणून तेही थांबले नव्हते.

वीज हवी तर इंजिन हवं, आणि इंजिन आलं की ते गाणं नाही. मी म्हटलं, आबांना आठ-पंधरा दिवस मोट ठेवायला सांगा, पुण्याहून लांब तार आणू. आबा तुमचा शब्द मोडणार नाहीत. ते तिन्हीसांजेला आबांकडे गेले आणि लवकरच परत आले. हो म्हणाले का, मी विचारलं.

"मी विचारलंच नाही," ते म्हणाले. "बैलांच्या खांद्यांना आबा तेल लावत बसले होते. सोलून निघालेत हो खांदे. मला म्हणाले, तुमास्नी गाणं पायजे व्हतं, ते गावलं. आता आमास्नी पाणी गावू द्या." मग म्हणाले, "मास्तर, मी तिथे काय बोलायला हवं होतं?"

मी कंदील लावायला उठलो.

इंजिन बसलं. आबा पुन्हा कधी गायले नाहीत, आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. आता इंजिनच गातंय की, म्हणत ते आंब्याखाली चिलीम ओढत बसत. फेलसाहेबांनी विद्यापीठाला खरं ते कळवलं, की जे मिळालं ते गाणं नव्हे. तज्ज्ञांनी ती फीत ऐकली असती तर कुणाला कळलंही नसतं, असं मी म्हणालो. त्यांनी पाकीट चिकटवलं. मुदत वाढली नाही.

निघताना ते आबांच्या पाया पडले. "आबा, झालो बघा फेल."

आबांनी त्यांना उठवलं. "फेल झाल्यालं पोरगं पुन्यांदा त्याच वर्गात बसतंय, पावणं. तुमी बी या."

ते आले, पण काही वर्षांनी. कुठल्याशा शिकवण्या करून गुजराण चालली होती. अंगात काही उरलं नव्हतं, खोकला थांबत नव्हता. आबा तोवर गेले होते. विहिरीवर आबांचा लेक कांद्याला पाणी देत होता. थोडा वेळ इंजिन बंद करता का, असं त्यांनी त्याला विचारलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. जाऊन बंद केलं.

ते थारोळ्याच्या काठावर बसले आणि त्यांनी बोट वर केलं. आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो. गवत वाढलेल्या धावेकडे ते पाहत होते. पाटातलं पाणी हळूहळू ओसरलं.

आबांचा लेक हलक्या आवाजात म्हणाला, "चालू करू का, पावणं?"

त्यांनी बोट खाली घेतलं.

"करा," ते म्हणाले. "कांदा सुकेल."