समुद्राकडची खिडकी

समुद्रकाठच्या पंचतारांकित हॉटेलचा मालक आज सकाळी वडशाजवळच्या एका खेड्यात वारला.

देवरावभाऊ गेले.

झाडीपट्टीची नाटकं पाहणाऱ्यांना ओळख द्यायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या कंपनीच्या नाटकात भाऊ मुंबईचा शेठ व्हायचे. मागे रंगवलेला पडदा. समुद्र, आणि काठावर उंच हॉटेल. पेंटरनं कॅलेंडर पाहून काढलेलं.

समुद्र पेंटरनं पाहिला नव्हता. भाऊंनीही नाही.

एन्ट्रीचं वाक्य ठरलेलं.
"मॅनेजर, समुद्राकडची खिडकी उघड!"

मी तेव्हा पडदा ओढायचो. या वाक्यावर शिट्ट्या कशा पडतात, त्यावरून विंगेत उभ्या उभ्या मला गाव कळायचं.

पुढे कंपनी माझी झाली. एकदा कामाला मुंबईला निघालो, तर भाऊ म्हणाले, "मलेही ने. माह्यं हॉटेल कसं हाय, पाहू तं दे."

नेलं. समुद्रासमोरचं, सगळ्यांत नावाजलेलं, नव्या काचेचं. भाऊंनी नाटकातलाच सूट घातलेला. दरवानानं सलाम केला. भाऊंनी शेठसारखी मान हलवली. मी मागे हसू दाबून.

लॉबीत शिरताना मात्र वाकले. फरशीला हात लावून कपाळाला लावला. स्टेजवर चढताना आम्ही सगळेच करतो.

शेजारच्या बाईंना वाटलं, यांचं काही पडलं. त्याही शोधू लागल्या.

चहा मागवला. समोर भिंतभर काच, पलीकडे समुद्र. भाऊ बघतच राहिले. मग तिथल्या मॅनेजर बाईंना, अगदी हळू, "मॅडम, समुद्राकडची खिडकी उघडता का जरा?"

"सर, या उघडत नाहीत. सगळ्या सील असतात. एसी आहे ना."

भाऊंचा चहा तसाच राहिला.

परतीच्या गाडीत वर्धा आलं, तसे भाऊ सरसावून बसले. मग म्हणाले, "इतके वर्षं लोकायले खोटं सांगून राह्यलो बे आपण. ते वाक्य काढून टाक."

म्हटलं, भाऊ, नाटक आहे. कोण मुंबईला जाऊन तपासणार आहे?

"मी पाहून आलो नं."

वाक्य मी तसंच ठेवलं.

पुढचा प्रयोग चामोर्शीकडे होता. भाऊंची एन्ट्री झाली. उभे राहिले. वाक्य नाही. प्रॉम्प्टरनं दिलं, तरी नाही. पब्लिक चिडीचूप. विंगेतून मी खुणा करत होतो.

तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी बोलली. आवाज मोठा नव्हता, पण मला नीट ऐकू आला.

"सांग नं बापा उघडायले. आमालेबी पाहू दे समुद्र."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं.

आणि मग असं वाक्य टाकलं म्हणता! शिट्ट्या थांबेनात. पुढचे डायलॉग कोणाला ऐकूच गेले नाहीत.

विंगेत आले तेव्हा डोळे पुसत होते. म्हणाले, "आपली उघडते बे."

त्यानंतर ते वाक्य कधी चुकलं नाही.

आज भाऊंच्या घरी गेलो. खाटेजवळची लाकडी खिडकी सताड उघडी होती. वहिनी म्हणाल्या, "सकायी त्यायनंच उघडाले लावली."

तिथून समुद्र दिसत नाही. उभं धान दिसतं. वाऱ्यानं हलत होतं.

भाऊ, पडदा मी ओढतो. तुम्ही निवांत जा.