भाऊरावचा पाय

भाऊरावला घरी बसवून अकरा दिवस झाले आणि ट्रक मात्र दुरुस्तीला आला, हे कळलं तेव्हाच दशरथचं डोकं फिरलं. पत्रा वाकला तर गॅरेजात आणायचा, आणि माणसाला सरळ घरी पाठवायचं?

कांदिवलीत दशरथचं गॅरेज तीस वर्षं आहे. हा लांब नाकाचा जुना ट्रक चैतन्यचा. तो जुन्या गाड्या शूटिंगला देतो. मूळ इंजिन बसलं म्हणून त्याने पिकअपचं इंजिन टाकलं आणि त्यासोबत अ‍ॅक्सिलेटरचं पेडलही बदललं, कुठल्याशा चकचकीत वर्कशॉपमध्ये, कॉम्प्युटरवर चित्र काढून. दशरथला विचारलं नाही, ते एक वेळ चालेल. पण ट्रक चालवणाऱ्या भाऊरावलाही कुणी विचारलं नाही. पुढे ट्रक दुसऱ्या गाडीवर चढवून मढला शूटिंगला नेला, आणि तिथे भाऊराव तो पहिल्यांदाच हाती घेऊन एका बंगल्याच्या फाटकातून आत नेत असताना ट्रक थांबायच्या ऐवजी भिंतीवर गेला. कुणाला लागलं नाही. चैतन्यने मात्र चार लोकांत सांगितलं की म्हातारा झालाय, ब्रेक कुठला नि अ‍ॅक्सिलेटर कुठला कळत नाही. पंचवीस वर्षं घाट उतरलेल्या माणसाबद्दल हे बोलायचं! आणि भाऊराव असा भिडस्त, की माझाच पाय चुकला म्हणाला आणि चावी देऊन चालू पडला.

वाकलेलं मडगार्ड ठोकून झालं तसा दशरथ केबिनमध्ये चढला. चप्पल खाली काढून चढला, कारण जुने ड्रायव्हर तसेच चढतात. जिच्यावर पोट भरतं त्या गाडीत ते पायताण घालून बसत नाहीत. इंजिन चालू करून त्याने ब्रेक दाबला, आणि जागच्या जागी इंजिन भणाणलं. पाय उचलला, शांत झालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. त्याने वाकून बघितलं. नवं पेडल ब्रेकला खेटून बसवलेलं, वर दोन बोटं पुढे आलेलं. उघडा, पसरट पाय ब्रेकवर पडला की त्याची कड अ‍ॅक्सिलेटरवर पडणारच.

त्याने चैतन्यला बोलावून घेतलं. चैतन्य निमुळते बूट घालून आला, वर चढला, ब्रेक दाबला. काही झालं नाही. बघा काका, बरोबर आहे की, भाऊरावने बूट घालायला हवे होते, असं तो वर म्हणाला.

दशरथच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बुटाचा माप घेतलंस आणि पायाक दोष दितंस?" रागात तो गावच्या मालवणीत म्हणाला. "ट्रक कोण चालवणार होतं, तुझे बूट?"

चैतन्य जरा वरमला. पेडल सरकवून द्या, नवा ड्रायव्हर उद्या येतोय, जुनं उकरून काय उपयोग, असं पुटपुटला. दशरथने पान्हा बाकावर ठेवला. भाऊरावचा पाय आल्याशिवाय पेडल बसणार नाही, दुसरीकडे न्यायचा तर खुशाल न्यावा, असं त्याने बजावलं. शूटिंग तोंडावर आलं होतं. चैतन्यने भाऊरावला फोन लावला.

संध्याकाळी भाऊराव आला तो लंगडत. पायात नवेकोरे काळे बूट. बूट घातले तर कामावर परत घेतील म्हणून विकत घेतले होते आणि अकरा दिवस चाळीत ते घालून चालायची सवय करत होता. टाचा सोलून निघाल्या होत्या. ते बघून दशरथला चैतन्यचा आला नव्हता एवढा राग भाऊरावचा आला.

"काढ ते," तो म्हणाला.

भाऊरावने बूट काढले आणि नेहमीसारखा अनवाणी वर चढला. दशरथने त्याच्या पायाभोवती खडूने रेघ मारली, पेडल उजवीकडे सरकवलं, ब्रेकच्या खाली उतरवलं, तार पुन्हा जोडली. मग इंजिन चालू करायला सांगितलं.

भाऊरावने ब्रेक दाबला. इंजिन आपल्या संथ लयीत चालत राहिलं. त्याने आणखी जोर लावला, तरी तसंच. तो बराच वेळ पाय तिथेच ठेवून बसला. चैतन्य खाली उभा होता, पण भाऊरावने त्याच्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे दशरथ," तो म्हणाला, "माझा पाय चुकला नव्हता."