नायकापेक्षा उंच नायिका

माझ्या आत्याला घरात सगळे ‘शिडी’ म्हणत. सोळाव्या वर्षीच तिचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं. गळा मात्र असा, की ती धुणं वाळत घालताना गायला लागली की शेजारी रेडिओ बंद करत.

संगीत नाटकांच्या कंपनीत तिला घेतलं ते कोरसमध्ये, तेही मागच्या रांगेत. सहा वर्षांनी नायिका लग्न करून परगावी गेली, आणि सगळी गाणी पाठ असलेली एकटी आत्याच निघाली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. नायक तिच्या खांद्याला लागत होता.

“बसून गा,” दिग्दर्शक म्हणाला.

“तीनही अंक?”

“तीनही. नायिका जरा अशक्त आहे म्हणू.”

आत्या बसून गायली. अकराव्या प्रयोगाला, ऐन प्रेमगीतात, बाकाचा पाय मोडला. ती दाणकन खाली आदळली आणि उठली ती सरळ उभीच राहिली. अशक्त नायिका नायकाहून हातभर उंच! प्रेक्षागृहात खसखस पिकली. नायक पांढराफटक पडला. पियानोवाले मास्तर काही थांबले नाहीत, मग आत्यानेही सूर सोडला नाही. तिने गुडघे वाकवले आणि पुढची ओळ नायकाच्या कानाशी गायली, गुपित सांगावं तशी. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

पडदा पडल्यावर नायक फणफणला, “माझं हसं केलंस!”

“तुझं एकट्याचं कुठे, दोघांचं झालं,” आत्या म्हणाली. “उद्या तू स्टुलावर चढून गा. बघू कोण हसतं ते.”

दोन दिवस तो फुगून बसला. तिसऱ्या दिवशी स्वतःच बगलेत स्टूल मारून तालमीला आला. ती जोडी पुढे एकोणीस वर्षं गाजली.

लग्न तिने कंपनीच्या प्रकाशयोजनाकाराशी ठरवलं. आजोबा भडकले. “त्याने आजवर काय दिवे लावलेत?”

“रोज चाळीस लावतो, बाबा. मोठं नाटक असलं तर साठ.”

आजोबांना हसू आवरेना, आणि तिथेच लग्न पक्कं झालं.

पन्नाशीत तिचे वरचे सूर गेले. आठवडाभर ती खोलीबाहेर आली नाही. शेवटी मास्तरच घरी आले आणि दाराबाहेरून म्हणाले, “वरचा मजला बंद पडला म्हणून कुणी घर सोडतं का? तळमजल्यावर ये.” त्यांनी तिची गाणी चार सूर खाली आणली. तो भरदार आवाज सुरुवातीला तिला परका वाटला, पण त्याने नवी दारं उघडली. खाष्ट सासू झाली, न्यायाधीश झाली, आणि मग बोटीची कप्तान. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणत, “घरीसुद्धा आता हुकूमच सुटतात.”

आज ती अडुसष्ट वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मी कप्तानाचा प्रयोग बघायला गेले होते. मध्यंतरात रंगपटात डोकावले, तर कप्तानबाई बूट काढून कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेल्या.

“गुडघे दुखतात का गं, आत्या?”

“दुखतात की. पण दुसऱ्या अंकात नाही.”

तेवढ्यात घंटा झाली. तिने ओले पाय तसेच बुटात कोंबले आणि निघाली.