आईची शेगडी, व्याह्यांची कोंबडी

काय सांगू तुम्हाला! चहा घ्या आधी, कारण हे ऐकून तुम्ही हसणार आणि मी पुन्हा एकदा रडणार. माणसानं आयुष्यात खोटं बोलावं, पण सख्ख्या आईशी बोलू नये. आणि बोललाच, तर त्यात बिचाऱ्या वांग्याला तरी ओढू नये.

झालं असं. आमच्या स्नेहलचा साखरपुडा झाला. व्याही आंबीचे बबनराव. घरची शेती, शिवाय तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. माणूस सोन्यासारखा, पण खाण्याचा दर्दी. आणि आमच्या घरात आई माळकरी! बाबा गेल्यावर तिनं तुळशीची माळ घातली, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या तळेगावच्या घरात अंडंसुद्धा शिरलेलं नाही. आम्ही नवरा-बायको उर्से टोलनाक्याकडच्या धाब्यावर चोरून खातो आणि गुपचूप घरी येतो.

बबनराव तीनदा आले, तिन्ही वेळा श्रीखंड-पुरी. तिसऱ्यांदा निघताना हसत म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडं आलं की आमाला एकादशीच घडती बगा!"

सगळे हसले. मीही हसलो, पण आत लागलं हो! मुलीच्या सासऱ्यापुढे आपली काही पत राहावी की नाही? तोंडातून निघून गेलं, "पुढच्या महिन्यात या. अंगणात गॅसचं ग्रिल आणतोय. तंगडी खायला घालतो!"

आता ग्रिल ही वस्तू मी फक्त लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या कुंपणावरून पाहिलेली. मग सुरू झाला अभ्यास. मी भूगोलाचा मास्तर, वहीच घातली. बर्नर दोन हवेत की चार? जाळी स्टीलची की बिडाची? स्वस्तातलं घ्यावं तर पत्रा नखानं वाकतोय. महागातलं घ्यावं तर त्याला ठेवायला आधी बंगला घ्यावा लागेल. बायको म्हणाली, "स्नेहलसाठी स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हतीत!"

शेवटी लोणावळ्यातल्या एका बंगल्याची देखभाल करणारे धोंडूभाऊ ओळखीचे निघाले. त्यांच्या हातून आजवर पाच ग्रिलं गेलेली.

"मास्तर, लय महागाचं घिऊ नका, लय स्वस्तातलं बी नगं. घरच्या मान्सास्नी तीन बर्नर बास. जाळी बिडाची घ्या. झाकण उचलून बगा, हाताला जड लागलं पायजे. आन् आपला घरचा सिलिंडर जोडता येतोय का, ते आदी इचारा. हितल्या पावसात निम्मी ग्रिलं गंजून गेली."

मी सहा दुकानं पालथी घातली. झाकणं उचलून उचलून खांदा भरून आला. सहाव्या दुकानदारानं तर विचारलंच, "सर, ग्रिल घेताय की व्यायाम करताय?" पण घेतलं! तीन बर्नर, बिडाची जाळी, जड झाकण, खाली चाकं. सगळं वहीप्रमाणे. त्या वहीत एकच गोष्ट लिहायची राहिली होती. आईला काय सांगायचं?

शुक्रवारी टेम्पो दारात उभा राहिला. आई बाहेरच बसली होती.

"ह्ये काय आनलंस रं?"

आणि मी, पन्नाशीचा बाप्या, वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवणारा, म्हणालो, "आई, तुझ्यासाठीच! वांगी भाजायला. तुला चुलीवरच्या भरताची आठवण येते ना?"

आईचे डोळे भरून आले हो! मी तिथंच मेलो.

ती लगबगीनं आत गेली आणि हळदीकुंकू घेऊन आली. झाकणावर स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. मधल्या बर्नरवर दुधाचं पातेलं ठेवून दूध उतू घालवलं. आरतीचं ताट धरायला कोण? मीच! बायको दाराआडून डोळे वटारत होती आणि मी मान खाली घालून ताट ओवाळत होतो.

पूजा झाल्यावर आई म्हणाली, "आता ही शेगडी सोवळ्यातली. रविवारी भजनी मंडळाच्या बायकास्नी भरीत-भाकरीचं सांगते."

रविवारी! त्याच रविवारी बबनराव येणार!

तुम्ही म्हणाल, आईला तेव्हाच खरं सांगायचं. अहो, नारळाचा प्रसाद तोंडात असताना कसं सांगू? शनिवार नुसता धीर गोळा करण्यात गेला. रविवारी सकाळी मी बबनरावांना फोन केला.

"बबनराव, पुढच्या रविवारी जमेल का?"

"आवो, निगालो बी! सकाळधरनं पोटात कायबी घातलं न्हाई, जागा ठिवलीया!"

अर्ध्या तासात ते हजर. तेव्हा अंगणात अकरा बायका, जाळीवर दोन डझन वांगी, आणि हातात चिमटा घेऊन मी. बबनरावांच्या हातात भला मोठा स्टीलचा डबा. जवळ येऊन कानात म्हणाले, "घरची गावरान हाय. हिनं रातीच मसाला लावून ठिवलाय."

तेवढ्यात मंडळातल्या ठकूमावशींनी विचारलं, "डब्यात काय वं, पाव्हनं?"

"पनीर!" मी ओरडलो. बबनराव माझ्याकडे बघतच राहिले.

आई कौतुकानं पुढे आली. "पाव्हन्यांनी येवढं आनलंय, आना हिकडं. वांग्याशेजारी भाजू." मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं डबा उघडला. आत सबंध कोंबडी, दोन्ही तंगड्या वर!

अकराही बायका डब्यावर वाकल्या. मग ठकूमावशी म्हणाल्या, "पनिराला पाय असत्यात व्हय?"

धरणीनं पोटात घ्यावं, दुसरं काही नको, असं वाटत होतं. आईनं डबा शांतपणे बंद केला.

"आरं, माळ माझ्या गळ्यात हाय, तुमच्या न्हाई. अंगनात खुशाल भाजायचंस. मी कवा न्हाई म्हनले? तू कवा इचारलंसच न्हाई."

"मग आई, आता..."

"आता पूजा झालीया. हिच्यावर न्हाई."

मग तिनंच बबनरावांना परसात नेलं, तीन दगडांची चूल दाखवली, काटक्या आणि एक जुनं पातेलं दिलं. बबनरावांनी तिथं बसून कोंबडी शिजवली आणि माझी बायको, मुलगी यांच्यासोबत चाटूनपुसून खाल्ली. आणि मी? महिनाभर शोधून आणलेल्या ग्रिलपाशी उभा राहून मंडळाच्या बायकांना वांगी सोलून देत होतो. परसातला वास नाकात घुसत होता आणि ठकूमावशींना तिसऱ्यांदा भरीत हवं होतं. मी जाईपर्यंत पातेल्यात नुसता रस्सा उरला होता, तोही थंड.

जाताना बबनराव आईच्या पाया पडले आणि तिचा फोन नंबर लिहून घेतला. आता लग्नाची तारीख, मांडव, जेवणावळ, सगळं तिच्याशीच ठरतं. मला आयत्या वेळी कळतं.

परवा धीर करून म्हटलं, "बबनराव, मी मुलीचा बाप आहे हो! एखादा फोन मलाही करत जा की!"

तर म्हणाले, "करतो की, भाऊ. पर तुमी सांगितल्यालं खरं हाय का, ह्ये इचारायला परत आजींनाच फोन लावावा लागतो. मंग पैलाच तितं केल्याला बरा न्हाई का?"